मोठेपणी तारा लावताना दात काढायचे की नाही : निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा

इंदुरात दातांना तारा लावून घेणारे आता फक्त शाळा-कॉलेजातले राहिलेले नाहीत. सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबागेतून पस्तिशी-चाळिशीतली माणसं येतात आणि पहिल्याच वाक्यात निकाल सांगून मोकळी होतात. एक तर "चार दात काढायचेत, डॉक्टर", नाहीतर "काहीही करा, पण चांगला दात काढू देणार नाही". दोन्ही वाक्यं कुठलंही माप घेण्याआधीची असतात. मी स्वतः तारा लावत नाही. तारा लावणाऱ्यांनी दिलेली चिठ्ठी घेऊन लोक माझ्याकडे दात काढायला येतात. त्यामुळे घोटाळा कुठे होतो ते रोज दिसतं. बहुतेकदा क्रमच उलटा झालेला असतो: दात आधी निघतो, हिशेब मागून येतो.

खालचे टप्पे याच क्रमाने पार पाडा. शेवटचा निर्णय तुम्हाला तपासणारे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे तज्ज्ञच देतील, पण तो समजून घेऊन होकार द्यायचा की नकार, हे तुमच्या हातात आहे.

टप्पा १ : तक्रार एका वाक्यात लिहून काढा

"दात सरळ करायचेत" ही तक्रार झाली नाही. खालचे पुढचे दात एकावर एक चढलेत? वरचे दात खालच्यांपेक्षा फार पुढे आहेत? की दात तसे ओळीत आहेत, पण ओठच पुढे दिसतात आणि सहज मिटत नाहीत? तिघांची उत्तरं वेगळी निघतात. पहिल्याचं काम पुष्कळदा दात न काढता होतं. तिसऱ्याचं क्वचितच होतं, कारण ओठ मागे जायला पुढचे दात मागे न्यावे लागतात आणि त्यांना मागे जायला जागा लागते.

आरशासमोर सैल बसा, दाढा हलक्या टेकवा, ओठ मुद्दाम मिटू नका. ओठांत किती फट राहते ते पाहा. आता ओठ मिटा. मिटताना हनुवटीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली, तर ओठ जोर लावून मिटताहेत. हे निरीक्षण आणि एका बाजूने, मान सरळ ठेवून काढलेला फोटो पहिल्या भेटीला सोबत न्या.

टप्पा २ : आधी हिरड्या, औषधं आणि तंबाखू

मोठ्यांच्या आणि मुलांच्या उपचारात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. हिरड्यांचा आजार चालू असताना दात सरकवले तर हाड आणखी वेगाने झिजतं. म्हणून दात साफ करून घ्या आणि हिरड्यांची खोली मोजून घ्या. बारीक खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती फिरवून हे माप घेतात. १ ते ३ मि.मी. ठीक. ४ आणि त्यापुढे, शिवाय रक्त येत असेल, तर आधी हिरड्यांचा उपचार, मग तारा.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे स्वतःहून सांगा:

- मधुमेह असल्यास गेल्या तीन महिन्यांतला एचबीएवनसी, म्हणजे साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. दात काढायचा म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी सुरू केल्या त्यांना विचारा.
- हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला किंवा महिन्याला घ्यायची गोळी, सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन. यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि दातही हळू सरकतात. बायका हे इंजेक्शन औषधांच्या यादीत धरतच नाहीत, कारण ते "रोजचं" नसतं.
- सिगारेट, गुटखा, तंबाखू. लपवू नका, तोंड उघडल्यावर ते दिसतंच.

सावध : "एकदा तारा लागल्या की साफसफाई करू" हा क्रम उलटा आहे. तारांमागे सफाई दुप्पट अवघड होते.

टप्पा ३ : रेकॉर्ड पूर्ण झाल्याशिवाय मत मागू नका

तोंडात टॉर्च मारून, दोन मिनिटांत "चार काढावे लागतील" असं कुणी सांगितलं, तर तो अंदाज समजा. अंदाज बरोबरही निघू शकतो, पण त्यावर दात काढू नये. निर्णयासाठी एवढं हवं:

१. ओपीजी, म्हणजे सगळे दात, मुळं आणि अक्कलदाढा दाखवणारा एक्स-रे.
२. बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, लॅटरल सेफॅलोग्राम. पुढच्या दातांचा कल आणि दोन्ही जबड्यांचं नातं यातूनच मोजतात.
३. दातांचे प्लॅस्टरचे साचे किंवा तोंडातला डिजिटल स्कॅन.
४. चेहऱ्याचे फोटो : समोरून, बाजूने, हसताना.
५. हिरड्यांच्या मापांचा कागद.

सीबीसीटी (जबड्याची त्रिमितीय तपासणी) प्रत्येकाला लागत नाही. एखादा सुळा हाडात अडकलेला असेल किंवा पुढच्या दातांसमोरचं हाड फार पातळ वाटत असेल, तर ती मागतात.

तपासा : उपचार करणाऱ्यांचं एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्समधलंच आहे ना? एमडीएस ही पदवी दंतशास्त्राच्या निरनिराळ्या शाखांत मिळते. पाटीवर शाखा नसेल तर विचारायला संकोच नको.

खर्चाचा प्रश्न असेल तर एम. वाय. रुग्णालयाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. मात्र कुठल्याही दंत महाविद्यालयात हे काम बहुधा पदव्युत्तर विद्यार्थी करतात, आणि त्यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. दात काढून होणारा उपचार दोन ते अडीच वर्षं सहज चालतो. तुमचे डॉक्टर शेवटच्या वर्षाला असतील तर पुढे केस कोण सांभाळणार, हे आधीच विचारून ठेवा. अर्धवट बंद झालेली जागा नव्या हातात जाते तेव्हा महिने वाया जातात.

टप्पा ४ : जागेचा हिशेब समोर मांडून घ्या

सगळा निर्णय या टप्प्यावर उभा आहे. घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

साच्यावर डॉक्टर दोन मापं घेतात. एकेका दाताची रुंदी मोजून बेरीज करतात. मग पितळेची मऊ तार घेऊन, एका बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या तशाच कडेपर्यंत, दात जिथे असायला हवेत त्या कमानीत ती वाकवतात. तार सरळ करून पट्टीवर ठेवली की उपलब्ध जागा कळते. स्कॅन असेल तर हेच काम संगणक करतो. बेरजेतून ही लांबी वजा केली की दातांची गर्दी निघते.

समजा खालच्या दहा दातांची बेरीज ६४ मि.मी. आली आणि तार भरली ५८.५. गर्दी झाली ५.५ मि.मी.

सर्वसाधारण आडाखा असा : ४ मि.मी.पेक्षा कमी गर्दीला दात काढायची वेळ क्वचित येते. १० आणि त्यापुढे बहुतेकदा येतेच. मधल्या ५ ते ९ च्या पट्ट्यात दोन्ही वाटा असतात. वाद सगळे याच पट्ट्यातले. दोन चांगल्या डॉक्टरांची मतं इथे वेगळी पडली तर त्यातला एक लबाड असतो असं नाही.

पण गर्दी म्हणजे संपूर्ण हिशेब नव्हे. पुढचे दात १ मि.मी. मागे न्यायचे तर डावी-उजवी मिळून २ मि.मी. जागा लागते. खालच्या दातांची रेघ बाजूने पाहिल्यावर खोलगट असेल तर ती सपाट करायलाही एखादा मि.मी. जातो. आता आत्ता मोजलेल्या याच तोंडाचे दोन मालक कल्पून पाहा.

पहिल्याचे ओठ छान मिटतात, दात मागे न्यायचे नाहीत. त्याला लागणारी जागा : ५.५ + १ = ६.५ मि.मी. दात किंचित घासून आणि कमान थोडी रुंद करून हे जमण्याची शक्यता आहे.

दुसरीचे ओठ मिटत नाहीत, पुढचे दात २ मि.मी. मागे हवेत. तिला लागणारी जागा : ५.५ + १ + ४ = १०.५ मि.मी. घासून एवढी जागा निघत नाही. दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधला दात) काढली तर साधारण १४ मि.मी. मिळते, उरलेले ३.५ मि.मी. मागच्या दाढा पुढे सरकून भरतात.

आरशात दोघांचे दात सारखेच वाकडे, निर्णय मात्र दोन. म्हणून "माझ्या नणंदेचे दात याहून वाकडे होते, तरी तिचा एकही काढला नाही" या वाक्याला अर्थ नाही.

इथे डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: काढलेल्या दाताच्या ७ मि.मी. जागेपैकी पुढचे दात किती मागे येणार आणि मागच्या दाढा किती पुढे येणार? पुढचे दात मागे ओढताना दाढाही पुढे ओढल्या जातात. ही ओढ आवरली नाही तर दात गेलेला असतो, जागाही बंद झालेली असते आणि ओठ होते तिथेच राहतात. दाढा जागच्या जागी धरून ठेवायला हाडात बारीक स्क्रू बसवतात. साधारण दीड मि.मी. जाडीचे. ते लागणार असतील तर दात काढण्याआधी ठरवा. त्यांचा खर्च वेगळा असतो.

टप्पा ५ : चेहरा आणि जबडा

नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत सरळ रेघ धरून ओठ तिच्या किती पुढे-मागे आहेत ते पाहतात. या रेघेची पुस्तकी मापं युरोपीय वंशाच्या चेहऱ्यांवरून आली आहेत. आपल्याकडचे ओठ मुळातच थोडे पुढे असतात, त्यामुळे आकडा "जास्त" आला एवढ्यावरून दात काढायला निघू नका. नाक मोठं आणि हनुवटी मागे असेल तर ओठ मागे नेल्यावर नाक आणखी उठून दिसतं. शिवाय वयाबरोबर ओठ पातळ आणि सपाट होत जातात. चाळिशीत आधीच सपाट असलेले ओठ आणखी मागे नेताना मी तरी दहादा विचार करायला सांगेन.

दात जेवढा मागे येतो तेवढाच ओठ येतो असं नाही. तो कमीच येतो, आणि जाड ओठ त्याहून कमी. कुणी नेमका आकडा कबूल केला तर तो विकण्यासाठी आहे.

सावध : खालचा जबडाच फार मागे किंवा पुढे असेल, तर शस्त्रक्रिया करायची की फक्त दात सरकवून ते झाकायचं, हे दात काढण्याआधी ठरलं पाहिजे. खालचा जबडा मागे असलेल्या माणसात झाकण्याच्या वाटेने बहुधा वरच्या दोन उपदाढा काढतात. शस्त्रक्रियेच्या वाटेने जायचं तर काढायचे दात वेगळे, कधीकधी खालचे. वरचे काढून, जागा बंद करून, वर्षभराने "आता शस्त्रक्रियाच करू" म्हटलं तर झालेलं काम आडवं येतं.

टप्पा ६ : न काढता जागा कुठून येईल

चार वाटा आहेत. दातांच्या कडा घासणं : दोन दातांमध्ये मिळून जास्तीत जास्त अर्धा मि.मी., त्यामुळे पुढच्या सहा दातांत फार तर अडीच मि.मी. दात किडतो ही भीती रास्त प्रमाणात घासल्यास खरी ठरत नाही. कमान रुंद करणं : मोठेपणी टाळूचा सांधा घट्ट झालेला असल्याने नुसती चकती लावून हाड फारसं रुंदावत नाही, दातच बाहेर कलतात. स्क्रू बसवलेले विस्तारक असतात, ते प्रत्येकाला यशस्वी होतीलच असं नाही. दाढा मागे सरकवणं : अक्कलदाढ आडवी येत असेल तर ती काढून, स्क्रूच्या आधाराने. आणि पुढचे दात आणखी पुढे कलवणं.

शेवटची वाट सगळ्यात सोपी, आणि "एकही दात न काढता" या जाहिरातींच्या मागे पुष्कळदा हीच असते. खालच्या पुढच्या दातांसमोरचं हाड मुळात कागदासारखं पातळ असतं. हिरडीही पातळ असेल तर दात पुढे ढकलल्यावर हिरडी उतरते, मूळ उघडं पडतं, थंड पाणी झिणझिणतं. न काढण्याचीही किंमत असते, ती अशी.

तपासा : खालच्या पुढच्या दातांचा कल जबड्याच्या तळरेषेशी साधारण ९० ते ९५ अंश असतो. तुमचा आत्ता किती आहे आणि उपचारानंतर किती होणार? दोन्ही आकडे मागा. आत्ताच १०० च्या वर असेल आणि आणखी पुढे न्यायचं ठरत असेल, तर कारण विचारा.

५ ते ९ मि.मी.च्या पट्ट्यातल्या केसमध्ये आणखी एक सोय आहे, आणि ती फार कमी लोक मागतात. दात न काढता सुरुवात करायची, चार-सहा महिन्यांनी फोटो आणि लॅटरल सेफॅलोग्राम पुन्हा पाहून ठरवायचं. न काढलेला दात नंतर काढता येतो. हे मान्य असेल तर कागदावर लिहून घ्या, म्हणजे नंतर खर्चावरून कटकट होत नाही.

टप्पा ७ : काढायचाच, तर कोणता

सुळ्याच्या लगेच मागची पहिली उपदाढ सर्वांत जास्त वेळा काढतात, कारण जागा पुढच्या दातांच्या जवळ मिळते. पण मोठ्या माणसाच्या तोंडात एखादी दाढ आधीच किडून गेलेली, रूट कॅनाल फसलेली असते. ती ठेवून शेजारचा धडधाकट दात काढणं मला पटत नाही. ओपीजी पुढ्यात ठेवून विचारा, "ही खराब दाढच काढून भागेल का?" भागेल तर उपचार लांबेल, कारण भरायची जागा मोठी असते. नाही भागलं तरी प्रश्न विचारला गेला पाहिजे.

फक्त खालीच गर्दी असेल आणि मागची ठेवण चांगली असेल तर कधीकधी खालचा एकच पटाशीचा दात काढतात. त्यात दोन दातांमध्ये हिरडीजवळ काळी त्रिकोणी फट दिसण्याची शक्यता असते. ती आधी समजून घ्या.

अक्कलदाढांचं वेगळं. त्या पुढच्या दातांना ढकलून वाकडं करतात, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. केवळ तेवढ्यासाठी काढू नका. किडली, सारखी सुजते, किंवा दाढा मागे सरकवायला आड येते, ही कारणं खरी.

उपदाढा काढल्याने श्वासनलिका अरुंद होऊन झोपेत श्वास अडकतो, हे व्हिडिओ पाहून आलेले पुष्कळ भेटतात. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये याचा आढावा घेतला. दात काढल्याने हा आजार होतो असं त्यात दिसलं नाही. घोरणं किंवा दिवसा पेंग असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. त्याची तपासणी वेगळी होते.

टप्पा ८ : दुसरं मत

रेकॉर्डच्या प्रती घेऊन जा. पहिल्या डॉक्टरांचं मत सुरुवातीला सांगू नका. दोघांनाही अंतिम चित्र दाखवायला सांगा : साच्यातले दात सुटे करून मेणात नव्याने मांडून किंवा संगणकावर, दात काढून आणि न काढता, दोन्ही. अलाइनर, म्हणजे तारांऐवजी घालायचे पारदर्शक काढता-घालता येणारे साचे, घ्यायचे असतील तर आणखी एक विचारा. काढलेल्या दाताच्या जागेत शेजारचे दात मुळासकट सरकण्याऐवजी नुसते कलतात, हा अलाइनरमधला नेहमीचा अडथळा आहे. त्यासाठी मध्ये काही महिने तारा लावाव्या लागतील का?

टप्पा ९ : कधी काढायचे

लग्नसराईच्या आधी दात काढून ठेवू, तारा नंतर लावू, असं ठरवणारे दरवर्षी येतात. असं करू नका. दात निघाल्यावर तिथलं हाड आक्रसतं. पहिल्या वर्षात रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकते, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. अरुंद हाडातून दात सरकवणं अवघड, शिवाय शेजारचे दात मनमानी कलतात. आधी तारांची तारीख ठरवा. मग ऑर्थोडॉन्टिस्ट सांगतील तसे, तारांच्या जरा आधी किंवा लावल्यावर, दात काढा. सहसा एका दिवशी एका बाजूचे वरचा-खालचा, म्हणजे दुसऱ्या बाजूने जेवता येतं.

टप्पा १० : चिठ्ठी आणि तो दिवस

चिठ्ठी स्वतः वाचा. त्यावर बहुधा १४, २४, ३४, ४४ असे आकडे असतात. पहिला अंक तोंडाच्या चार भागांपैकी एकाचा : वर उजवा १, वर डावा २, खाली डावा ३, खाली उजवा ४. दुसरा अंक समोरच्या मध्यरेषेपासून मोजलेला दाताचा क्रम. १४ म्हणजे वर उजवीकडचा चौथा. "उजवा" हा तुमचा उजवा, समोर उभ्या डॉक्टरांचा नव्हे.

खुर्चीत बसल्यावर हातात आरसा घ्या, मध्यापासून चार मोजा आणि तोच दात डॉक्टरांना बोट लावून दाखवायला सांगा. ४ आणि ५ या दोन उपदाढा दिसायला सारख्याच असतात. गर्दीत एखादा दात आत वळलेला असला किंवा लहानपणीच पडलेला असला की मोजणी चुकते. मला रोगी असं विचारतो तेव्हा राग येत नाही, बरं वाटतं. चिठ्ठी फोनवर तोंडी आली असेल तर लेखी येईपर्यंत थांबा.

दात काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. गार दही-भात, गार खीर चालते. इंदुरी माणसाला सगळ्यात जड जाते ती सेव : पोह्यांवर, भाजीवर, सगळीकडे भुरभुरायची सवय असते आणि तिचे टोकदार कण नेमके जखमेत जाऊन बसतात. आठवडाभर बंद. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. सिगारेट-तंबाखू जखम भरेपर्यंत तरी नाही.

सावध : दुखणं रोज कमी होत जायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, कानापर्यंत कळ गेली, तोंडाला घाण वास आला, तर गोळ्या वाढवत बसू नका, दाखवायला या.

जागा बंद व्हायला साधारण महिन्याला १ मि.मी. धरा, मोठेपणी थोडं कमीच. जागा बंद दिसली म्हणून तारा काढायची घाई करू नका. आधी नवा ओपीजी काढून जागेच्या दोन्ही बाजूंची मुळं एकमेकांना समांतर आली का, आणि कुठलं मूळ आखूड झालंय का, ते पाहून घ्या. वर नुसती जागा मिटलेली आणि खाली मुळं तिरपी राहिलेली असली, तर रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) चार रात्री विसरला तरी तीच फट पुन्हा उघडते.